काकांचं पाणी साडेनऊ

माशांच्या टाकीचा पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कलाइन याचा आकडा; सातच्या खाली आम्ल, वर अल्कलाइन) मोजायचं माझं पिवळं पेन भलतेच आकडे दाखवायला लागलं, म्हणून काल सकाळी ओट्यावर कॅलिब्रेशन मांडलं. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडचं, ठरलेल्या पीएचच्या पुड्या दोन, एक ६.८६ची, एक ९.१८ची. एकेक पुडी २५० मिली पाण्यात विरघळवायची, ६.८६च्या ग्लासात पेन बुडवायचं, आकडा स्थिरावला की चिमुकल्या स्क्रू ड्रायव्हरने मागचा स्क्रू फिरवून तो जुळवायचा, आणि मग ९.१८च्या ग्लासात पडताळायचं. माझं पडताळून झालं होतं. अगदी ९.२ आलं होतं.

दार उघडं दिसलं म्हणून वरचे काका आत आले.

"हे काय, इनो?"

"बफर आहे, काका. याचा पीएच ठरलेला असतो."

"माझं पाणी साडेनऊ आहे."

काकांनी सव्वा लाखाचं अल्कलाइन पाण्याचं मशीन घेतलंय. पोटात दीड-दोन पीएचचं आम्ल असताना त्यात साडेनऊचं पाणी ओतून नेमकं काय साधतं, हे मी एकदा विचारलं होतं. त्यानंतर महिनाभर काका लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नव्हते. (तो महिना बरा गेला.)

ते वर जाऊन बाटली घेऊन आले. पहाटे भरलेली, झाकण गायब. "टाक पेन."

टाकलं. ७.८.

"पेन बिघडलंय," काका म्हणाले.

"आत्ताच लावलंय, काका. बाटली उघडी राहिली की पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं, पीएच उतरतो."

"पुडी कितीची?"

"साठ रुपयांची असेल."

"आणि मशीन सव्वा लाखाचं! खरं कोण बोलत असेल, सांग. तू असं कर, स्क्रू माझ्या पाण्यावर लाव. साडेनऊ दिसेपर्यंत फिरव."

मी त्यांना सांगितलं, की १९०९ साली कोपनहेगनमध्ये सोरेन्सेन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी काढली, कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत.

"कार्ल्सबर्ग? बिअरवाली?"

"हो."

"म्हणजे दारूचं माप माझ्या पाण्याला लावतोयस!"

यावर काय बोलणार? मी ग्लास विसळायला वळलो, तेवढ्यात काकांनी पेन उचलून माझ्या चहात बुडवलं. दुधाच्या, साखरेच्या, गरम चहात! आकडा आला साडेसहाच्या आसपास. "बघ, चहा म्हणजे निव्वळ ॲसिडिटी, तीनच्या वर कसा असेल? चहासुद्धा चुकीचाच दाखवतंय."

हसू नका. त्या पेनाच्या टोकाला काचेचा पातळ फुगा असतो, त्यावर दुधाची साय आणि प्रथिनं चिकटली की आकडे रेंगाळतात, घसरतात. तो फुगा कोरडाही पडू द्यायचा नाही आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवूनही ठेवायचा नाही. त्याला पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण लागतं, जे पेनासोबत कोणी देत नाही आणि आमच्या माशांच्या दुकानात मागितलं, तर दुकानदार टाकीवर टिचकी मारून "पाणी मस्तंय, साहेब" म्हणतो. मस्तंय कसलं! पीएच सातावरून आठावर गेला, की पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. पावडर विकायची, पेन विकायचं, मासे विकायचे, आणि मासे मेले की नवे विकायचे. पुडीवर तारीख नाही, पेनावर वॉरंटी नाही. ज्याने मोजायला घेतलं, तोच वेडा.

मी फुगा धुतला, पुन्हा ६.८६ मध्ये बुडवला. आकडा ६.५ आणि ७.१ च्या मध्ये झोके घेत बसला. काका बाटली उचलून निघाले आणि दारात थांबून, मोठ्या मनाने म्हणाले, "बदलून घे रे. स्वस्तातलं घेऊ नये."

आज सकाळी सेक्रेटरी भेटले. सोसायटीच्या टाकीचं पाणी मोजून देशील का, असं आपण होऊन विचारत होते. मी हो म्हणणार, तोच त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"पण आधी पेन एकदा वरच्या काकांकडून तपासून आण."