लाल टोपीवाला शेतकरी आणि विद्यापीठाचा क्रमांक

एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीच्या 2025च्या यादीत पुणे विद्यापीठ विद्यापीठ गटात 23 वरून 56 वर घसरलं, तेव्हा आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर दोन दिवस धुरळा उडाला. प्राध्यापकांच्या जागाच भरत नाहीत तर दुसरं काय होणार, असं काहींचं म्हणणं. क्रमवारी म्हणजे नुसता कागदी खेळ, असं इतरांचं. मग सगळं शांत. मी राहतो नेब्रास्कातल्या लिंकनला. इथल्या विद्यापीठाचा असाच अपमान 2011 साली झाला आणि लोक तो अजून विसरलेले नाहीत.

अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल संघ कोणाशी खेळणार, टीव्हीचे पैसे कोणाबरोबर वाटून घेणार, हे तो कोणत्या क्रीडा परिषदेत आहे त्यावर ठरतं. 'बिग टेन' ही त्यातली जुनी, 1896ची परिषद. तिने 2010 मध्ये नेब्रास्काला बोलावलं, तेव्हा तिची सगळी विद्यापीठं 'एएयू' या निवडक संशोधन विद्यापीठांच्या संघटनेत होती. नेब्रास्काही होतं, 1909 पासून. पण बिग टेनमध्ये पाऊल टाकण्याच्या दोन महिने आधी एएयूने त्याला मतदान घेऊन बाहेर काढलं. विद्यापीठाचं ओमाहा शहरातलं वैद्यकीय केंद्र कारभाराने वेगळं, म्हणून त्याचं संशोधन लिंकनच्या खात्यात धरलं नाही. शेती संशोधनाचा बराच निधी स्पर्धेतून मिळत नाही, म्हणून त्याचं वजन कमी.

हे वाचून मला आपली व्यवस्था आठवते. ससूनशेजारच्या बी. जे. मेडिकलची पदवी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, शेतीचं संशोधन राहुरी, अकोला, परभणी, दापोलीला. ज्ञानाच्या या वाटण्या आपण स्वतःच करून ठेवल्या आहेत आणि मग एकेका तुकड्याचा क्रमांक बघून हळहळतो.

पण मला खरं अप्रूप वाटतं ते इथल्या सामान्य माणसाचं. मागच्या हिवाळ्यात टायर बदलायला गेलो होतो. शेजारी नेब्रास्काच्या संघाची 'एन' अक्षराची लाल टोपी घातलेला मक्याचा शेतकरी बसला होता. कॉलेजची पायरीही न चढलेला. ओमाहाचं संशोधन का मोजत नाहीत, यावर तो अर्धा तास तळमळून बोलला. इथल्या स्टेडियममधल्या फुटबॉल सामन्यांची तिकिटं 1962 पासून संपत आली आहेत. त्या संघामुळे विद्यापीठ त्याला आपलं वाटतं, आणि विद्यापीठाची प्रयोगशाळासुद्धा.

याचा अर्थ इथे सगळं संशोधनाच्या मानावर चालतं असा नाही. बिग टेनमध्ये नंतर आलेली मेरीलँड, रटगर्स आणि 2024 ला आलेली पश्चिम किनाऱ्यावरची चार विद्यापीठं, सगळी एएयूची, हे खरं. पण 2023 मध्ये 'पॅक-12' ही पश्चिम किनाऱ्याची परिषद फुटली तेव्हा तिच्यातली स्टॅनफर्ड आणि बर्कली महिनाभर लटकली, आणि शेवटी कमी वाटा पत्करून अटलांटिक किनाऱ्याच्या परिषदेत गेली. नोबेल विजेत्यांच्या रांगा असूनही. टीव्हीच्या बाजारात त्यांना भाव नव्हता. हा बाजार महाराष्ट्रात यावा असं मी मुळीच म्हणणार नाही.

मला हवी आहे ती त्या शेतकऱ्याची तळमळ. साखर कारखान्याचा उतारा किती, हे आपल्याकडे सभासदाला तोंडपाठ असतं आणि तो संचालकाला भर सभेत जाब विचारतो. त्याच माणसाने आमदाराला विचारावं, की त्याच्या मुलीच्या विद्यापीठात किती विभागांत पूर्णवेळ प्राध्यापक उरले आहेत आणि बाकीच्या जागा कधी भरणार.