पक्षीप्रेमाला दाणे लागत नाहीत

२०२५च्या ऑगस्टमध्ये कबुतरांना दाणे घालणं थांबवायला पालिकेनं दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला आणि जमावानं ती फाडली. तेव्हापासून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाक्य फिरतंय: "दाणा घालणं ही आपली भूतदया." विष्ठेमुळे फुप्फुसांचे आजार होतात की नाही यावर तिथे हवं तितकं भांडण झालंय, त्यात मी पडत नाही. मला खुपतो तो या सगळ्याला दिलेला 'पक्षीप्रेम' हा शब्द. एकाच जातीच्या पक्ष्यापुढे पोतंभर चणे आणि ज्वारी ओतायची, आणि बाकीचे पक्षी शहरात कुठून येतात, कुठे जातात याचा पत्ताच नाही, हे कसलं प्रेम?

मी राहते त्या कॅनडातल्या टोरांटोच्या हाय पार्क या बागेत १ सप्टेंबरपासून ३० नोव्हेंबरपर्यंत एका उंचवट्यावर स्वयंसेवक शिकारी पक्षी मोजतात. त्या जागेला हॉक हिल म्हणतात. जागा तीच का, तर दक्षिणेला लेक ओंटारिओ आहे. घिरट्या घालत उंची मिळवायला तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा लागते आणि ती तळ्याच्या थंड पाण्यावर मिळत नाही. म्हणून उत्तरेकडून आलेले पक्षी पाण्याशी पोचले की काठाकाठानं पश्चिमेला वळतात, आणि बाग नेमकी त्यांच्या वाटेखाली येते. थंडीची लाट येऊन गेली, वारा वायव्येचा झाला की सुट्टी टाकावी. वारा दक्षिणेचा असेल तर घरी बसलात तरी चालेल.

मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. सप्टेंबरच्या मध्याला ब्रॉड-विंग्ड हॉक हे शिकारी पक्षी वर चढणाऱ्या हवेच्या एकाच भोवऱ्यात शेकड्यांनी फिरतात. फिरत असताना मोजलं की आकडा हमखास चुकतो. भोवऱ्याच्या माथ्यावरून ते एकामागोमाग घसरत पुढे निघतात, तेव्हा एक काल्पनिक रेषा धरायची आणि ती ओलांडणाराच मोजायचा, नाहीतर एकच पक्षी दोनदा येतो. हातात टिकटिक करणारा काउंटर, गळ्यात आठ किंवा दहा पट जवळ दाखवणारी दुर्बीण. दर तासाला जातवार आकडा, वारा, तापमान आणि ढग लिहायचे. निरभ्र निळं आकाश नवख्याला आवडतं, पण त्यात उंचावरचा पक्षी विरघळून जातो. पांढरे ढग असले की ठिपका उठून दिसतो. पंख इंग्रजी व्हीसारखे धरून डुलत चाललं तर टर्की व्हल्चर हे गिधाड. चारपाचदा फडफड, मग तरंगणं, पुन्हा फडफड, तर शार्प-शिन्ड हॉक. सोनेरी गरुडासाठी इथलं ऑक्टोबरातलं थँक्सगिव्हिंग उलटून जाईपर्यंत धीर धरावा लागतो.

दाणा इथे कुणी घालत नाही, उद्यानात ते मनाच आहे. (डाऊनटाऊनमध्ये पाव टाकणारे इथेही आहेत, हे कबूल करते.) पण खायला घालण्याची एक दुसरी रीत आहे, आणि दादरच्या वादात तिचं नावही नाही. बकथॉर्न हे युरोपातून आलेलं झुडूप ओकांच्या रानात माजतं. त्याची काळी फळं रेचक असतात. लांबच्या प्रवासाला निघालेल्या पक्ष्याला चरबी हवी असते, आणि ही फळं खाऊन उलट पोट बिघडतं. ते हटवलं की डॉगवुड आणि व्हायबर्नम या स्थानिक झुडपांना जागा होते. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते, तेव्हा लहान रोप मुळासकट येतं. जाड खोड नुसतं कापलं तर बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात, म्हणून पुढच्या वर्षी तिथे परत जावंच लागतं. आधी फळं धरलेली झाडं घ्यायची, फळांच्या फांद्या जमिनीवरून ओढत न्यायच्या नाहीत. सगळ्यात मोठी चूक म्हणजे डॉगवुडच उपटणं: दोघांच्याही पानांच्या शिरा वक्र असतात. बकथॉर्नच्या पानाची कड बारीक दातेरी असते, साल खरवडली की आत केशरी दिसतं. नोव्हेंबरात काम सोपं होतं, कारण बाकी रान पिवळं पडून गळतं आणि हे हिरवंच राहतं.

यात पुण्य लगेच हातात पडत नाही. पक्षी पायाशी येत नाही, फोटोही निघत नाही. भूतदया म्हणायची तर मी याला म्हणेन.

हे लिहिलं की उत्तर ठरलेलं: "तिकडे बसून आम्हाला शिकवू नका." ते मला लागतं, कारण त्यात खरं आहे. पारवा भारताचा मूळ रहिवासी, इथे त्याला युरोपीय लोकांनी जहाजांतून आणलं, आणि हॉक हिलच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. बाहेरून आलेलं झुडूप उपटताना माझा हात कधीकधी थबकतो. मीही बाहेरून आलेली.

नोव्हेंबरात लोणावळ्यावरून अमूर ससाणे आफ्रिकेकडे जातात. तिथेही टेकड्या आहेत, वारा आहे, दुर्बिणी आहेत, आणि मान वर करून उभं राहायला परवानगी लागत नाही. ऑक्टोबर लागला की इथल्या गवतावर माझे डोळे शेपटी हलवणारा धोबी पक्षी शोधतात. तो इथे येत नाही. तो पुण्यात पाषाणच्या तळ्यावर येतो, आणि त्याची पहिली नोंद तिथे असणाऱ्यानंच करायची असते.