‘ह्यात फिजिक्स कुठे आहे?’

एम.एस्सी.च्या मुलांनी आंतरविद्याशाखीय (दोन विषय जोडणारे) प्रकल्प घ्यावेत, दृष्टी व्यापक होते, असं एका लेखात वाचलं. होते ना. पण दोन विभागांचे दोन गाईड सांभाळताना नाकी नऊ येतात, ते लिहायचं राहिलं.

मी भौतिकशास्त्राची, विषय घेतला वाहतूक कोंडीचा. नागेल आणि श्रेकेनबर्ग यांचं १९९२ चं वाहतुकीचं मॉडेल पायथन या संगणकभाषेत लिहायला एक संध्याकाळ पुरते. रस्ता म्हणजे पटावर असतात तशा ७.५ मीटरच्या घरांची ओळ, एका घरात एक गाडी. वेग वाढवा, पुढची गाडी जवळ असेल तर कमी करा, मधूनच उगाच थोडा कमी करा, पुढे सरका. त्या ‘उगाच’मुळे ना अपघात, ना खड्डा, तरी कोंडी होते आणि मागे मागे सरकत जाते. पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

मग मैत्रिणीला घेऊन पुण्यातल्या नळस्टॉप चौकात वही-पेन घेऊन उभी राहिले. एका ‘घरात’ चार दुचाक्या, एक रिक्षा तिरकी आणि एक काका उलट्या दिशेने! घरं बारीक केली, आडवं सरकायची मुभा दिली. अख्खं सेमिस्टर त्यातच गेलं. मोजणी कशी करायची ते भूगोलाच्या सरांनी शिकवलं, नाहीतर आकडे कचऱ्यातच गेले असते.

तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न शीर्षकातला. २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जोर्जो पारिसी वगैरे मंडळींना जटिल प्रणालींच्या, म्हणजे कोंडीसारख्या अनेक घटकांच्या गुंत्यातून घडणाऱ्या व्यवस्थांच्या, कामासाठीच मिळालं, हे उत्तर सुचलं पार्किंगमध्ये, स्कूटीला किक मारताना.