रंग फास्ट आहे का?

आमचं चपलांचं दुकान कोल्हापूरच्या चप्पल लाईनला, आजोबांच्या वेळेपासूनचं. आजोबांचं इंग्रजी 'व्हाट प्राइस'पर्यंत, आबांचं 'फिक्स रेट'पर्यंत आणि माझं दहावीच्या काठावरच्या पस्तीस मार्कांपर्यंत. तीन पिढ्या यात आमचं काही अडलं नाही. मग २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे माल मूळचा कुठला हे सांगणारं भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्र आणि कर्नाटकातले आठ जिल्हे त्यात आले, जिकडंतिकडं नाव झालं आणि माझ्या मोबाइलवर परदेशातनं मेल पडायला लागले.

पहिलं गिऱ्हाईक लंडनकडचं. चाळीस जोड, लालसर रंगात. भाव पटला, माप पटलं. शेवटी एका ओळीचा प्रश्न आला : "इज द कलर फास्ट?"

आता फास्ट म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. फास्ट गाडी, फास्ट बोलर. रंग फास्ट आहे का, म्हणजे भराभर जातो का! पावसाळ्यात नवी चप्पल घातली की पायावर लाल नक्षी उमटते, ही बोंब याच्यापर्यंत कशी पोचली, असं म्हणत मी छाती काढून उत्तर टाकलं : "नो सर. नॉट फास्ट. व्हेरी स्लो. फुल गॅरंटी."

आठ दिवस चिडीचूप. पोरगी पुण्याहून सुट्टीला आली, तिनं मेल वाचला आणि डोक्याला हात लावला. "पप्पा, तुम्ही त्याला रंग जातोय याची गॅरंटी दिलीय!"

तिनं जे सांगितलं ते ऐकून मी गल्ल्यावरच बसलो. फास्टचा मूळचा अर्थ घट्ट, पक्का. वेगाचा अर्थ मागनं चिकटला. आणि उपवासाचा फास्टही त्याच घराण्यातला, निश्चयाला घट्ट धरून राहणं या अर्थानं. म्हणजे ज्या शब्दानं माणूस सुसाट पळतो, त्याच शब्दानं तो जागेवर रुतून बसतो, आणि वर एकादशीही करतो!

पोरीनं माफीचा मेल केला, ऑर्डर वाचली. पण माझी खोड गेली नाही. ती अंघोळीला गेली तेवढ्यात साहेबानं विचारलं, "हाऊ मेनी लेफ्ट?" मी लगेच कळवलं, "लेफ्ट अँड राइट सेम, सर." त्याला विचारायचं होतं शिल्लक किती. आता 'ही लेफ्ट' म्हटलं तर माणूस गेला आणि 'टू लेफ्ट' म्हटलं तर दोन राहिले. वर डाव्या पायाचं नावही तेच. चपलेच्या धंद्यात या शब्दाला बंदीच पाहिजे.

तसंच ते 'वेअर'. घातली तरी वेअर, झिजली तरी वेअर. 'हार्ड वेअरिंग' म्हणजे झिजत नाही ती, आणि 'वॉर्न' म्हणजे झिजून गेली ती. असो.

खरा दणका दिला अमेरिकेच्या गिऱ्हाइकानं. "लेट्स टेबल धिस ऑर्डर." सरकारी ऑफिसात फाईल टेबलावर आली म्हणजे निम्मं काम झालं, हे मला ठाऊक. मी कातड्याचा ॲडव्हान्स देऊन मोकळा! पोरीला फोन केला तर म्हणाली, "ब्रिटिशानं टेबल म्हटलं तर विषय चर्चेला घेतला आणि अमेरिकनानं म्हटलं तर बासनात बांधला. हा कुठला?" चर्चिलनं दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींत लिहून ठेवलंय म्हणे, की याच शब्दावरनं ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची चांगली जुंपली होती. ब्रिटिशांना एक कागद तातडीनं 'टेबल' करायचा होता, अमेरिकनांना वाटलं हे तो ड्रॉवरमध्ये टाकायला निघालेत. बराच वेळ भांडल्यावर कळलं, दोघांना एकच पाहिजे होतं. युद्ध जिंकणाऱ्यांची ही गत. माझं कातडं अजून माळ्यावर आहे.

पुढं लंडनचा साहेब स्वतःच कोल्हापूर बघायला आला. खिशात छोटी वही, कानावर पडेल तो मराठी शब्द उतरवायचा. मला म्हटलं तर उकळ्या फुटत होत्या. आमची भाषा बघ म्हणावं, कशी सरळ! दुपारी घरी जेवायला बसवला. बायको तांबड्या रश्श्याची वाटी घेऊन सारखी "वाढू?" म्हणून विचारायची. नाकाडोळ्यांतनं पाणी वाहायला लागल्यावर त्यानं 'नको' आणि 'पुरे' हे दोन शब्द न विचारता उचलले.

संध्याकाळी दुकानात कारागिराला विचारलं, "जोड कधी?" "परवा देतो की, मालक." साहेबानं वहीत लिहिलं, परवा म्हणजे उद्याच्या पुढचा दिवस. तेवढ्यात शेजारच्यानं विचारलं, "सायेब कधी आले?" आबा म्हणाले, "परवाच आले की!" साहेबानं पेन थांबवून माझ्याकडं बघितलं. मी कपाटातली चप्पल पुसायला घेतली.

नऊ वाजले. आबांनी किल्ल्या हातात घेतल्या आणि पोऱ्याला हाक मारली, "चल रं, दुकान वाढव."

साहेब दचकला. घाईघाईनं वही उघडून दुपारचं पान काढलं, 'वाढणे'पुढं काय लिहिलंय ते वाचलं, एक हात पोटावर ठेवला, दुसरा आडवा धरला आणि काकुळतीला येऊन आबांना म्हणाला, "नको, नको. पुरे!"