खुलासा: ‘फुल विमा आहे ना, मग व्हॅनमध्ये काहीही बसवा’

प्लंबर-इलेक्ट्रिशियन मंडळींच्या ग्रुपवर सध्या फिरणारा मेसेज म्हणतो: फर्स्ट पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणारा फुल विमा, असला की गाडीत केलेले बदल आपोआप कव्हर होतात, कुठे कळवायची गरज नाही. हे खरं नाही.

बाहेरून सीएनजी किट बसवलं, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरटीओकडून आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंद करून घ्यावी लागते. मुदत १४ दिवस. विमा कंपनीलाही कळवायचं. किटची किंमत धरून थोडा प्रीमियम वाढतो. आरसी काढून इंधनाच्या रकान्यात बघा. तिथे नुसतं ‘पेट्रोल’ आणि मागे सिलिंडर, तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर (नुकसान तपासायला येणारा माणूस) पहिलं बोट तिथेच ठेवणार. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दोन्हीही.

पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी नोंदणीच्या गाडीतून धंद्याचा माल नेत असाल, तर तेही विमा कंपनीपासून दडवू नका.

आणि हो, ड्रिल मशीन, पाइप, वायरची बंडलं साध्या मोटार पॉलिसीत येत नाहीत. रात्री काच फोडून हत्यारांची पेटी नेली, तर भरपाई फार तर काचेची. पेटीचा विमा वेगळा काढावा लागतो.