पिवळा चहा म्हणजे हळदीचा चहा नव्हे

‘चिनी पिवळा चहा म्हणजे हिरव्या चहात हळद’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. या चहात हळदच काय, वरून काहीच घातलेलं नसतं. पानं कढईत परतली की ओलसर, कोमट असतानाच कागदात किंवा कापडात गुंडाळून मुरत ठेवतात. त्या उबेत हिरवेपणा उतरतो, तुरटपणा मऊ होतो. हूनान प्रांतातल्या च्युनशान बेटावरच्या चहाच्या कळ्यांचं (न उमललेल्या कोवळ्या पानांचं) हे मुरणं दोन टप्प्यांत, मिळून सुमारे तीन दिवस चालतं. म्हणूनच तो दुर्मिळ आणि महाग.

कृपया तो दूध-साखर घालून उकळू नका! पाणी ८० अंशांच्या आसपास पुरे. उंच काचेच्या ग्लासात केलात तर कळ्या उभ्या राहून हळूहळू तळाशी जाताना दिसतात. त्यांच्यावरच दोन-तीनदा पाणी घालता येतं.