एम. एल. बाईंची चादर

फ्रान्समध्ये जुन्या सामानाच्या बाजारात तांब्याची पातेली आणि कान तुटलेले कप यांच्या शेजारी पांढऱ्या कापडांचा एक ढीग असतोच. त्यातली एक चादर सहज बघावी म्हणून ओढली, तर ती ओढलीच जात नाही. दोन मीटर बाय तीन मीटर, वजन दोन-अडीच किलो. वरच्या काठावर पांढऱ्या दोऱ्याने भरलेली दोन टपोरी अक्षरं : एम. एल. कोण, कुठली, काही पत्ता नाही. आपण पैसे मोजतो आणि परक्या बाईच्या नावाखाली झोपायला तयार होतो.

पूर्वी तिथे मुलगी सासरी जाताना असं कापड डझनांच्या हिशेबात बरोबर नेई. आपलं रुखवत चार दिवस मांडून संपतं, तिचं पुढे जन्मभर पुरे. कापडाचे प्रकार तीन. निव्वळ लिनन, म्हणजे जवसाच्या झाडाच्या देठाचा धागा. ज्याच्या बियांची आपण चटणी करतो तेच हे झाड. दुसरं हेम्प, म्हणजे भांगेच्या जातीचं खोड. नशा नाही, फक्त खरखर. तिसरं मेतीस : उभे धागे कापसाच्या सुताचे, आडवे लिननचे. कुठलं ते ओळखायला ओलं बोट टेकवावं. लिनन ओल लगेच पिऊन टाकतं, सूत जरा विचार करतं. कापडाला खळ असेल तर ही परीक्षा फसते, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं.

चादरीच्या मधोमध शिवण दिसली तर ती खोट समजू नये. हातमागाचा पन्ना विणकराच्या हाताला धोटा जितका लांब फेकता येईल तितकाच, म्हणून दोन पट्टे जोडलेले. मधला भाग विरला की ती शिवण उसवायची, बाहेरचे काठ आत घेऊन पुन्हा शिवायचं, की चादरीला दुसरं आयुष्य. ही शिवण नेमकी पाठीच्या कण्याखाली येते, हे मात्र कोणी सांगत नाही.

खरी परीक्षा घरी आणल्यावर. अशी चादर कपाटात कितीएक वर्षं घडीत पडलेली असते आणि घडीच्या रेषा चहासारख्या पिवळ्या झालेल्या असतात. पहिलं काम : टबात थंड साधं पाणी, चादर पूर्ण बुडवून रात्रभर. सकाळी पाणी बदलायचं. पाण्याचा रंग बघून आपण आजवर कशाला हात लावत होतो ते कळतं. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच.

मग गंजाचे डाग शोधायचे, आणि हा क्रम चुकवायचा नाही. लिंबू आणि मीठ लावून ऊन दाखवायचं, नंतर खळखळून धुवायचं. गंज तसाच ठेवून ऑक्सिजनवाली पावडर, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, घातली, तर लोखंडामुळे तिचा जोर नेमका त्या ठिपक्यावर एकवटतो आणि डागाच्या जागी भोक पडतं. डाग गेला म्हणायला हरकत नाही. गंज निघाल्यावर मग ६० अंशांचं पाणी, दहा लिटरला दोन-तीन मोठे चमचे सोडियम परकार्बोनेट, आणि काही तास भिजत. क्लोरीनचं ब्लीच नको. ते धागा कमकुवत करतं आणि लाल दोऱ्याची नक्षी असली तर तीही फिकी पाडतं. सात किलोच्या मशीनमध्ये अशी एकच चादर. दोन घातल्या तर पिळून काढताना मशीन स्वयंपाकघरात फिरायला निघतं.

एम. एल. बाईंच्या घरी मोठं धुणं वर्षातून दोन-तीनदाच निघे. लाकडी पिंपात कपडे रचायचे, वर फडक्यावर लाकडाची राख पसरायची, आणि उकळतं पाणी पुन:पुन्हा ओतायचं. आपल्याकडे एक टब, एक कंबर.

पिवळेपणा हटला नाही तर नीळ. इथे मात्र आपण घरच्याच मैदानावर. कपड्यांची नीळ-पूड म्हणजे अल्ट्रामरीन नावाचा निळा रंग. हा रंग पूर्वी लाजवर्दाचे दगड कुटून काढत, आणि तो कृत्रिमरीत्या बनवल्याबद्दल ल्याँच्या जाँ-बातिस्त गिमे यांना १८२८ मध्ये सहा हजार फ्रँकचं बक्षीस मिळालं. पुढे त्यांच्या मुलाने पॅरिसचं गिमे संग्रहालय उभारलं. नीळ पाण्यात आधी पूर्ण कालवायची, मग कापड बुडवायचं. नाहीतर निळे ठिपके. आणि शेवटच्या धुण्यात व्हिनेगर नको : आम्लाने नीळ फुटते, रंग जातो, वर सडक्या अंड्यांचा वास मागे राहतो.

इस्त्री ओलसर असतानाच. चादर कोरडी झाली की सुरकुती दगडावरची रेघ होते. कोरडी झालीच, तर पाणी शिंपडून गुंडाळून तासभर ठेवायची. नक्षी जाड पंचावर पालथी घालून उलट बाजूने दाबायची, म्हणजे अक्षरं दबत नाहीत, उठून दिसतात. घडीच्या रेषेवर इस्त्री नको, धागा तिथेच तुटतो. खळ घालून कपाटात ठेवू नये, कसरीला ते ताट वाढल्यासारखं. लाकडी फळीवर आधी कागद, मग लव्हेंडरची पुरचुंडी.

अक्षरांखाली लाल फुलीच्या टाक्यात आकडा असतो, समजा १२. धुऊन आलेली चादर ढिगाच्या तळाशी, वापरायची ती वरून, म्हणजे सगळ्या सारख्या झिजतात. त्यासाठी हा क्रमांक. आपण विकत घेतलेली चादर एकच. धुऊन, वाळवून, घडी करून ती तळाशी ठेवायची असते, तर तीच वर येते.